कलम अठरा

रात्री अकराला अक्षरं उतरवली.
दिवसा रुवीत पत्र्याला हात लावता येत नाही.
शमीर शिडीवर, आणि खाली मी,
स्क्रू झेलायला ॲप्रनचा ओचा धरून.
त्याच ॲप्रनवर छातीशी पोतनीसांचं नाव आहे
हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

नाशिकहून आलेल्या पत्रात सगळं ओळीनं आहे.
करार संपल्यापासून तीस दिवसांत
नाव, चिन्ह, केशरी-तपकिरी रंगांची जोडी,
भिंतीवरचा आजोबांचा फोटो
– आजोबा त्यांचे, पण सात वर्षं हार मीच घातला –
कप, पिशव्या, बिलावरचा शिक्का,
आणि डोळ्याला किंवा कानाला
त्या नावासारखं भासणारं
काहीही.

कपांचे चौदा खोके उरले होते.
परत धाडायचं भाडं कपांहून जास्त,
म्हणून नष्ट करा, व्हिडिओ पाठवा.
मागच्या गल्लीत कप पसरून
शमीर आणि मी त्यांच्यावरून चालत गेलो.
एकेक पोतनीस पायाखाली फटकन वाजे.
बघायला शेजारच्या शिंप्याची दोन पोरं आली,
त्यांनाही नाचू दिलं.
व्हिडिओत त्यांचं हसू आलंय.
वकिलांना नको असेल तर त्यांनी कापून घ्यावं.

अक्षरं निघाली तरी भिंत कोरी झाली नाही.
सात उन्हाळ्यांत भोवतालचा रंग उडाला,
अक्षरांखालचा तेवढा शाबूत.
पांढऱ्याचे दोन हात मारले, मग तिसरा.
तरी ऊन डोंगराआड जाताना तिरकं पडतं
आणि बलदियाच्या नियमानं वर लावलेलं अरबी नाव
उजवीकडून डावीकडे
हळूहळू उमटतं.

अरबीत प नाही.
पहिल्याच दिवशी पोतनीसांचं बूतनीस झालं होतं
आणि तेव्हा नाशिकहून कुणी हरकत घेतली नव्हती.

विद्याधर म्हणतात, आता आपलं आडनाव लावू. पांगारकर.
मी म्हटलं, त्यातही प आहे.

कृती गोपनीय आहे, तीही वापरायची नाही.
बरं.
पण इथलं पाणी समुद्राचं, मीठ काढून घेतलेलं.
त्यात त्यांचा चहा उभाच राहिना.
पहिल्या वर्षी गिऱ्हाईक अर्धा कप ठेवून उठे.
मग मी सुंठ काढली, ओलं आलं ठेचलं,
साखर निम्मी केली, वेलची सालांसकट,
आणि पूड शेवटी नाही, थंड पाण्यातच टाकली.
हे त्यांना कधी कळवलं नाही.
भांडायला आता माझ्याकडे एवढंच होतं,
तर पुढचं पान उलटलं:
केलेल्या सुधारणाही मूळ मालकाच्या.

सात वर्षांपूर्वी या पानावरही
माझीच सही आहे, सुवाच्य.

हाताला काय सांगू?
तो डबा न बघता उघडतो.

आज पहाटे खलफान आला, टॅक्सी तशीच चालू ठेवून.
वर भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"खलास?"
"नाम खलास. चाय है."
त्यानं मान हलवली, चारशे बैसा काउंटरवर मोजली.
"दो बूतनीस. एक बिना शक्कर."

पत्राप्रमाणे मी त्याला दुरुस्त करायला हवं होतं.
ग्राहकाचा गैरसमज होऊ देऊ नये, असं त्यात आहे.
पण दूध वर येत होतं,
आणि गैरसमज नेमका कुणाचा झालाय
हे दूध वर येताना ठरवता येत नाही.
शमीरनं नवे कोरे कप पुढे केले.
खलफाननं ते फिरवून फिरवून बघितले,
जणू छपाई आतल्या बाजूला असेल.

प्रतिज्ञापत्र गल्ल्याखाली आहे.
"सर्व प्रकारे वापर थांबवला आहे."
सही केली आहे.
तारीख घालायची राहिली आहे.